रुपयाचा प्रश्न आणि जमाखर्चाबाहेरचा माणूस

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचे नाव आपल्या चळवळीतील प्रत्येक वक्त्याच्या तोंडी असते. ग्रंथ मात्र फार थोड्यांनी उघडलेला असतो. जयंतीच्या व्यासपीठावरून 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली' असे एक वाक्य फेकले जाते, टाळ्या पडतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. या वाक्याने बाबासाहेबांचा विचार झाकला जातो. १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, हा क्रम खरा आहे. परंतु त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा वेगळा होता. चलन निर्माण करण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नका, असे ते सांगत होते. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्याची मर्जी सोसली, त्या समाजातल्या विद्वानाने हे सांगावे, याचा अर्थ आपण लावलेलाच नाही.

तो अर्थ लावायचा तर आधी इंग्रज सरकारचा जमाखर्च समजून घ्यावा लागतो. सरकारची जमा रुपयात होती. शेतसारा, मीठकर, अफू यांतून ती येत असे. खर्चाचा एक मोठा भाग मात्र लंडनमध्ये पौंडात चुकवावा लागे. कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली व्याजाची हमी, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा खर्च. याला 'होम चार्जेस' म्हणत. १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपले, तेव्हा कंपनीचे कर्ज आणि भागधारकांचा लाभांशसुद्धा हिंदुस्थानच्या महसुलावर लादण्यात आला. जिंकले कंपनीने आणि किंमत भरली जिंकलेल्यांनी. कोलंबिया विद्यापीठातील १९१५ च्या आपल्या एम. ए. च्या प्रबंधात बाबासाहेबांनी कंपनीच्या याच कारभाराचा हिशेब तपासला होता.

१८७३ नंतर चांदीचा भाव जगभर घसरू लागला. रुपया चांदीचा, म्हणून तोही घसरला. सुमारे २ शिलिंगांचा रुपया १८९२–९३ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आला. म्हणजे पूर्वी १० रुपयांत फिटणाऱ्या पौंडासाठी सरकारला १६ रुपये मोजावे लागू लागले. तिजोरी हादरली. १८९३ साली हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन, टांकणावळ भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. आता तो अधिकार फक्त सरकारचा राहिला. रुपया दुर्मिळ करून त्याचा भाव चढवण्यात आला आणि १८९९ साली १५ रुपयांना एक पौंड, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स, हा दर कायद्यात बसला. १८९३ सालीच गोऱ्या अधिकाऱ्यांना विनिमय दरातील घसरणीबद्दल खास भत्ता मंजूर झाला. रयतेला कसलाही भत्ता मिळाला नाही. हा भत्तासुद्धा तिच्याच सार्‍यातून गेला.

पुढे या व्यवस्थेला 'सुवर्ण विनिमय परिमाण' असे भारदस्त नाव मिळाले. जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली ग्रंथ लिहून तिचे समर्थन केले. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, बत्तीस वर्षांच्या आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात या समर्थनाला आव्हान दिले. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपला मतभेदही नोंदवला.

बाबासाहेबांचा पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. रुपयाच्या दर्शनी किमतीहून त्यातील चांदी स्वस्त. हा फरक नफा म्हणून लंडनमधील सुवर्णनिधीत जमा होई आणि तो निधी रुपयाचा आधार म्हणून दाखवला जाई. पण निधी वाढवायचा तर आणखी रुपये पाडले पाहिजेत. म्हणजे ज्या देण्यासाठी निधी ठेवायचा, ते देणे वाढवल्याशिवाय निधी वाढत नाही! म्हणून टांकसाळी रुपयासाठी पूर्ण बंद करा, सरकारलाही नवा रुपया पाडू देऊ नका आणि सोन्याचे नाणे चालू करा, असा त्यांचा उपाय होता. सोन्याच्या परिमाणाचा काळ आता गेला, म्हणून हा उपाय जुना झाला. ज्याच्या हाती नाणे पाडण्याची सत्ता आहे त्याच्यावर बंधन हवे, हा आग्रह मात्र जुना झालेला नाही.

दुसरा आक्षेप आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे त्या काळी अनेक देशी पुढारीही मानत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणजे निर्यातदाराचा नफा हा मजुराच्या ताटातून उचललेला असतो. १९२५–२६ मध्ये मुंबईचा व्यापारी आणि गिरणीमालक वर्ग १ शिलिंग ४ पेन्सचा दर परत मागत होता आणि त्याला राष्ट्रहित म्हणत होता. बाबासाहेबांनी साम्राज्याच्या खजिनदारांना धारेवर धरले, तसे या राष्ट्रहितालाही वर्गाचा प्रश्न विचारला. राष्ट्र हा शब्द उच्चारला की त्यातले सगळे एकाच पंगतीला बसतात, हे त्यांनी कधीच मानले नाही.

असे असूनही या ग्रंथाला एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. ग्रंथातला मजूर हा मजूर आहे. त्याला जात नाही. चलनाच्या वादात चांदीच्या दागिन्यांचा मुद्दा पुढे येई. गरिबाची शिल्लक दागिन्यांत असते, टांकसाळ बंद झाल्याने त्या चांदीचे रुपये होईनात आणि तिचा भाव पडला, असे सरकारचे टीकाकार म्हणत. ते खरेच होते. पण इंदूर संस्थानातील गावांत सवर्णांनी बलाई जातीवर जे हुकूम लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत असा एक हुकूम होता. ही १९२८ मधली हकीकत बाबासाहेबांनीच 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात नोंदवली आहे. ज्यांना चांदी अंगावर घालण्याचीच बंदी, त्यांचा तोटा कोणत्या कोष्टकात मांडायचा? चलनशास्त्राकडे तसे कोष्टक नव्हते.

ते कोष्टक बाबासाहेबांनी पुढे मुंबई कायदेमंडळात मांडले. १९२८ साली त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा तो महाराने. सरकारी टपाल न्यायचे त्यानेच, आणि साहेब आला की त्याच्या दिमतीलाही त्यानेच राहायचे. पण या कामाचा मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर मिळणारे बलुते. काम सरकारचे, आणि मजुरी दारोदार मागायची! डोक्यावरून वाहून नेलेल्या सार्‍याची पैन् पै सरकारी वहीत लिहिली जाई. वाहणाऱ्याच्या श्रमाची पुरी किंमत त्या वहीत कधीच आली नाही. सरकारचा कारभार स्वस्त दिसे, तो या न लिहिलेल्या मजुरीमुळे. बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरवा, ही विधेयकातली मागणी म्हणूनच जमाखर्च दुरुस्त करण्याची मागणी होती. वतने कायद्याने रद्द व्हायला स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा यावा लागला.

म्हणून माझे म्हणणे असे की १९२३ चा ग्रंथ आणि १९२८ चे विधेयक शेजारी ठेवून वाचले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर आणि महाडचे आंबेडकर अशी वाटणी विद्यापीठांनी केली आणि आपण ती निमूटपणे स्वीकारली. प्रत्यक्षात दोन्हीकडे एकच प्रश्न आहे: ही वही कोणी लिहिली, आणि तिच्यात कोणाचे नाव लिहायचे राहिले?

हा प्रश्न इंग्रजांबरोबर गेला नाही. १९७९ पासून अनुसूचित जातींसाठी अर्थसंकल्पात विशेष घटक योजना आली; लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. पण २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी याच निधीतील पैसा वळवला गेला आणि सरकारला संसदेत ते कबूल करावे लागले. तेव्हा आपल्यापैकी किती जणांना अर्थसंकल्पाचे ते पान वाचता येत होते? आपले तरुण कविता लिहितात, मोर्चे काढतात. त्याची गरज आहेच. पण ज्या समाजाला जमाखर्च वाचता येत नाही, त्याच्या नावावर लिहिलेले पैसे दुसरेच खर्च करतात. प्रत्येक वस्तीतील अभ्यास मंडळाने वर्षातून एकदा तरी अर्थसंकल्प समोर ठेवून बसावे, आणि शेजारी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' उघडा असावा. त्यातले विनिमय दर आज कामाचे नाहीत, पण आकड्यामागचा माणूस कसा शोधायचा हे तो ग्रंथ आजही शिकवतो.