‘पाहिजे’ आणि आमचीं व्याकरणें

ज्या क्रियापदावांचून मराठी माणसाचा एक प्रहरहि सरत नाहीं अशीं क्रियापदें थोडीं. ‘पाहिजे’ हें त्यांतलें एक. मुलाला खाऊ पाहिजे असतो, गृहिणीला मीठ पाहिजे असतें, वकिलाला मुदत पाहिजे असते. असें असूनहि आमच्या व्याकरणांनीं या शब्दाची जी व्यवस्था लाविली आहे ती पाहिली म्हणजे, घरचें सारें काम करणाऱ्या माणसाला पंक्तीच्या वेळीं मात्र ओसरीवर बसवून ठेवावें, तसें वाटतें.

शाळांतून चालणाऱ्या व्याकरणांत, उदाहरणार्थ मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ या घरोघर पोंचलेल्या पुस्तकांत, आहे, नाहीं, नव्हे, नको, नये, नलगे, पाहिजे अशा शब्दांना ‘अनियमित किंवा गौण क्रियापदें’ या एका सदराखालीं घातलेलें आहे. यांना काळांचे व अर्थांचे नेहमींचे प्रत्यय लागत नाहींत, हें त्याचें कारण. वर्णन म्हणून हें खोटें नाहीं. पण अडगळीच्या खोलीवर ‘अडगळ’ अशी पाटी लाविल्यानें आंतील वस्तूंची ओळख पटत नाहीं. ‘नलगे’ म्हणजे ‘न’ आणि ‘लागे’. ‘नये’ म्हणजे ‘न’ आणि ‘ये’. ‘नव्हे’ म्हणजे ‘न’ आणि ‘होय’. यांत विद्यार्थ्याला दोन वाक्यांत समजणार नाहीं असें कांहीं नाहीं. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९०९ मध्यें, राजवाड्यांनीं ज्ञानेश्वरींतील भाषेचें व्याकरण लिहून जुन्या रूपांचा सांठा खुला केला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० चा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ मध्यें तो मराठींतहि आणिला. एवढी शिदोरी हाताशीं असतां शालेय पुस्तकांनीं ‘गौण’ या एका शब्दावर विद्यार्थ्याची बोळवण करावी, हें आम्हांस पटत नाहीं.

‘पाहिजे’ अनियमित नाहीं. तें एका नियमाचें शिल्लक राहिलेलें रूप आहे. संस्कृतांतील ‘दीयते’ प्राकृतांत ‘दिज्जइ’ झालें आणि जुन्या मराठींत ‘दीजे’ झालें. ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ हींहि तशींच कर्मणि वर्तमानाचीं रूपें: केलें जातें, बोललें जातें, म्हटलें जातें. त्याच सांच्यांतून ‘पाहणें’ या धातूपासून ‘पाहिजे’ निघालें. पुढें हा सांचा मोडला. ‘कीजे’, ‘दीजे’ पोथ्यांत राहिलीं. बोलण्यांत दोन भावंडें उरलीं, एक ‘पाहिजे’ आणि दुसरें ‘म्हणजे’. पैकीं ‘म्हणजे’ अव्ययांच्या घरीं दत्तक गेलें. ‘पाहिजे’ क्रियापदांतच राहिलें, पण एकटें पडलें. हिंदींतील ‘चाहिये’ची घडणहि याच जातीची आहे, धातु मात्र निराळा.

आतां कोणी विचारील कीं, पाहण्याचा आणि गरजेचा संबंध काय? आपण ‘वाट पाहतों’, ‘स्थळ पाहतों’, ‘नोकरी पाहतों’. जें हातीं नाहीं त्याकडेच डोळे लागतात. संस्कृतांतील ‘अपेक्षा’ या शब्दांतहि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणें हाच धातु आहे. मराठी बोलणाऱ्यांनीं कोणत्याहि पंडिताला न विचारतां तीच वाट धरिली.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे या क्रियापदाच्या साऱ्या खोडी सरळ होतात. ‘मला पुस्तक पाहिजे’, पण ‘मला पुस्तकें पाहिजेत’. क्रियापद मागणाऱ्याच्या मागें जात नाहीं, मागितलेल्या वस्तूच्या मागें जातें. कारण वाक्याचा मूळ अर्थ ‘माझ्याकडून पुस्तकें पाहिलीं जातात’ असा आहे. ‘पाहिजेत’ मधला ‘त’ हा शिष्टांचा नखरा नसून अनेकवचनाचा जुना हक्क आहे. ‘चिठ्ठी लिहिली पाहिजे’, ‘पत्र लिहिलें पाहिजे’, ‘पत्रें लिहिलीं पाहिजेत’ या वाक्यांतील ‘लिहिली’, ‘लिहिलें’ हीं रूपें भूतकाळाचीं दिसतात आणि काम तर अजून व्हावयाचें असतें! विद्यार्थी येथें गोंधळतो आणि शिक्षक ‘असाच प्रघात आहे’ म्हणून सुटका करून घेतात. वस्तुतः ‘लिहिलेली चिठ्ठी अपेक्षिली जाते’ एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक बारकावा: ‘त्यानें गेलें पाहिजे’ म्हटलें कीं आपण कर्तव्य सांगतों, ‘त्याला गेलें पाहिजे’ म्हटलें कीं परिस्थितीचा रेटा सांगतों. एका विभक्तीनें एवढा फरक पडतो, आणि आमच्या तक्त्यांत त्याला एक ओळहि नाहीं.

हा प्रश्न आम्हांस सोलापुरांत विशेष जाणवतो, आणि त्याचें कारण भाषाशास्त्राची हौस हें नव्हे. या शहराच्या पूर्व भागांत पद्मशाली विणकरांच्या घरीं तेलुगू बोलतात. अक्कलकोटाकडे वळलें कीं कानडी कानीं पडूं लागते. आणि ज्यांच्या नांवानें हें गांव ओळखलें जातें त्या बाराव्या शतकांतील सिद्धरामेश्वरांचीं वचनें कानडींतच आहेत. या घरांतील मुलें मराठी शाळेंत येतात तेव्हां कोऱ्या पाटीनें येत नाहींत. कानडी मूल घरीं ‘ननगे बेकु’ म्हणतें, तेलुगू मूल ‘नाकु कावालि’ म्हणतें. दोहोंचा शब्दशः अर्थ ‘मला पाहिजे’. नकाराला कानडींत ‘बेड’, तेलुगूंत ‘वद्दु’, मराठींत ‘नको’: तिन्ही भाषांत होकाराचा शब्द एक आणि नकाराचा अगदींच निराळा. इतकेंच नव्हे, ‘होगबेकु’ म्हणजे जायला पाहिजे आणि ‘होगबेड’ म्हणजे जाऊं नको; तेलुगूंत ‘वेळ्ळालि’ आणि ‘वेळ्ळवद्दु’. तिन्ही जोड्या एकाच मापानें बेतल्यासारख्या आहेत. सांगली जिल्ह्यांतील कुपवाड येथें गंपर्झ व विल्सन या अभ्यासकांना हेंच दिसलें; एकमेकांशेजारीं नांदणाऱ्या भाषांचीं व्याकरणें तेथें इतकीं जवळ आलीं होतीं कीं एकीचें वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरींत उतरवितां यावें. १९७१ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. सोलापूरच्या शिक्षकाला तें आपल्या वर्गांतच दिसण्यासारखें आहे.

म्हणजे जें रूप पुण्याच्या पुस्तकांत ‘गौण’ ठरलें, तेंच आमच्या मुलांना सर्वांत ओळखीचें आहे. तीं अडतात तीं दुसरीकडे. ‘बेकु’ किंवा ‘कावालि’ हीं वस्तु एक असो कीं दहा, बदलत नाहींत. म्हणून ‘मला पुस्तकें पाहिजे’ असें त्यांच्या तोंडीं सहज येतें. ‘लिहिली पाहिजे’ आणि ‘लिहिलें पाहिजे’ यांतील लिंगाचा फरकहि त्यांच्या घरच्या भाषेंत या ठिकाणीं नसतो. तेथें ‘तुझी भाषा अशुद्ध’ म्हणून वहीवर तांबडी रेघ ओढणें सोपें आहे; परंतु चूक कोठून आली हें ज्याला ठाऊक नाहीं त्याची रेघ मुलाला कांहींच शिकवीत नाहीं, फक्त गप्प बसवते. मराठी ज्यांच्या घरची आहे असे पुष्कळ सुशिक्षितहि तो ‘त’ रोज गाळतात आणि त्यांच्या वहीवर रेघ ओढणारा कोणी नसतो, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

अशा अडचणी जगांत एकट्या मराठीच्याच वांट्याला आल्या आहेत असें नाहीं. रुमानियन भाषेंत ‘त्रेबुये’ म्हणून एक क्रियापद आहे. घराणें लॅटिन, पण हा शब्द स्लाव शेजाऱ्यांकडून आलेला. तेंहि तृतीय पुरुषांत चालतें, त्यालाहि ‘मला’ लागतें, आणि वर्तमानकाळीं एक पुस्तक असो वा दोन, रूप तेंच राहतें. तें शिकणाऱ्या परक्याला सोलापूरच्या तेलुगू मुलाला शेजारीं बसवितां आलें असतें तर बरें झालें असतें.

‘हवें’ या शब्दाविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. ‘हवा, हवी, हवें’ असा तो विशेषणासारखा चालतो. पुण्याकडील बोलण्यांत त्याला मान अधिक. आमच्या दुकानदाराला ‘काय पाहिजे?’ हेंच जवळचें. दोहोंत एक ग्राम्य व दुसरा शिष्ट असा भेद करणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. ‘पाहिजे’नें गरज आणि कर्तव्य दोन्ही बोलतां येतात, ‘हवें’चा ओढा इच्छेकडे अधिक आहे. तोच न्याय ‘काय करायलास?’ या आमच्याकडील प्रश्नाला लाविला पाहिजे. ‘करायला लागलास’ याचा तो सरळ संकोच आहे, आणि चालू क्रिया दाखविण्याचें काम तो ‘करतो आहेस’ इतकेंच चोख करतो.

अलीकडे ‘मला पुस्तक पाहिजे आहे’ असें सर्रास म्हणतात. जुन्या हिशेबानें येथें क्रियापदावर क्रियापद चढलें. पण लोकांनीं तें चुकून चढविलेलें नाहीं. ‘पाहिजे’ हें एकेकाळीं पूर्ण क्रियापद होतें याची आठवणच बोलणाऱ्याच्या कानांतून गेली आहे, आणि ‘हवें’च्या शेजारीं बसून तेंहि विशेषण होऊं लागलें आहे. ‘पाहिजे होतें’, ‘पाहिजे असेल’ हीं रूपें त्याच वाटेवरचीं. पुढील आवृत्ति काढणाऱ्या व्याकरणकारानें ‘पाहिजे’ला कोणत्या कोठ्यांत बसवावयाचें तें ठरवितांना ‘पाहिजे आहे’ हेंहि जमेस धरावें लागेल.