‘इनुयाशा’तील यक्ष आणि आत्मा

चिनी भाषांतरांच्या वाटेने जपानात पोहोचलेल्या आपल्या शब्दांची रूपे सहज ओळखू येत नाहीत. ‘यक्ष’ तेथे ‘याशा’ झाला, ‘मैत्रेय’ ‘मिरोकू’ झाला आणि ‘नरक’ ‘नाराकू’ झाला. हे तिन्ही शब्द रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’ या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेमध्ये, पात्रांच्या नावांत भेटतात. ‘इनु’ म्हणजे कुत्रा. तेव्हा नायकाच्या नावाचा सरळ अर्थ ‘श्वान-यक्ष’ असा होतो. १९९६ ते २००८ या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही प्रेमकथा ५६ खंडांची आहे. इंग्रजी अनुवादामुळे ती आपल्याकडील तरुण वाचकांनाही उपलब्ध आहे.

कथा थोडक्यात अशी. तोक्योतील एका शिंतो देवस्थानात राहणारी कागोमे ही पंधरा वर्षांची मुलगी जुन्या विहिरीतून यादवी युद्धांच्या मध्ययुगीन जपानात जाऊन पडते. तेथे इनुयाशा बाणाने झाडाला खिळलेला आहे. त्याचा पिता राक्षस, माता मानवी. पन्नास वर्षांपूर्वी किक्यो या पुजारिणीने, त्याच्यावर प्रेम असूनही, तो बाण मारला. कारण नाराकूने एकेकाचे रूप घेऊन दोघांनाही फसविले होते. इच्छा पुरविणारे एक रत्न या साऱ्या अनर्थाच्या मुळाशी आहे. ते फुटते, त्याचे तुकडे गोळा करीत कागोमे आणि इनुयाशा हिंडतात, आणि त्या भटकंतीत त्यांचे प्रेम वाढते.

परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांनी हडळ, मुंजा, देवचार आपल्याबरोबर आणले होते. बावीस प्रतिज्ञांनंतर बौद्ध घरांनी ती सारी भुतावळ उंबऱ्याबाहेर काढली. आता तीच जपानी वेषात मुलांच्या पुस्तकांतून परत येत आहे काय, अशी शंका एखाद्या पालकाला आली तर तिला हसण्याचे कारण नाही. परंतु माझ्या मते धोका राक्षसांत नाही. तो अन्यत्र आहे, आणि तो अधिक सभ्य वेषात आला आहे.

यक्ष तर आपल्या परंपरेत उघडपणे वावरतात. सुत्तनिपातात आळवक यक्ष तथागतांना प्रश्न विचारतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती बसली आहे. तीच जपानात किशिमोजिन या नावाने ओळखली जाते, आणि वरळीच्या निप्पोन्झान म्योहोजी विहारात ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्राचा गौरव होतो, त्या सूत्रातही ती धम्माच्या रक्षणाचे वचन देते. पितळखोऱ्याचा हसरा यक्ष कण्हदास नावाच्या सोनाराने घडविला, असे त्यावरील लेखच सांगतो. मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्याकडे पाहून भीती वाटत नाही. घडविणाऱ्यालाही ती वाटत नसावी.

यक्षिणी आणि मानव यांची प्रेमकथाही आपल्याकडे आहे. ४३२ क्रमांकाच्या पदकुसलमाणव जातकात घोड्याच्या तोंडाची यक्षिणी एका ब्राह्मणाला भक्ष्य म्हणून पकडते, त्याच्यावर अनुरक्त होते आणि त्याला गुहेत ठेवून घेते. त्यांचा मुलगा मोठा होतो, शिळा हलवितो आणि पित्याला घेऊन निघतो. यक्षिणीला आपल्या हद्दीपलीकडे जाता येत नाही. ती काठावर उभी राहून पावलांचे माग ओळखण्याची विद्या मुलाला देते आणि शोकाने प्राण सोडते. पुढे त्याच विद्येने हा मुलगा राजा आणि पुरोहित हेच चोर असल्याचे लोकांसमोर सिद्ध करतो. हा अर्धयक्ष मुलगा म्हणजे बोधिसत्त्व. जातककाराला त्याच्या मिश्र जन्माबद्दल एका शब्दाचीही सारवासारव करावीशी वाटलेली नाही.

इनुयाशाला मात्र आपल्या मिश्र जन्माची लाज आहे. त्याचा शुद्ध रक्ताचा सावत्र भाऊ सेश्शोमारू त्याला तुच्छ लेखतो, आणि रत्नाच्या बळावर पूर्ण राक्षस व्हावे हीच इनुयाशाची पहिली इच्छा असते. ताकाहाशी यांचे खरे सामर्थ्य येथे दिसते. राक्षसी रक्त जेव्हा जेव्हा त्याचा पूर्ण ताबा घेते, तेव्हा त्याला सोबती ओळखू येत नाहीत. समोर येईल त्याला तो फाडतो. शुद्ध होणे म्हणजे विवेक गमावणे, हे कोणतेही प्रवचन न करता चित्रांतून दाखविले आहे. तथापि या पात्रात थेट अस्पृश्याचे रूपक पाहणे मला मान्य नाही. इनुयाशाच्या डोक्यावर कुत्र्याचे कान आहेत. त्याचा भेद शरीरावर दिसतो. वासेट्ठ सुत्ताचे म्हणणे याच्या उलट आहे. गवत, कीटक, पक्षी यांच्यात जन्माने खुणा भिन्न असतात, माणसामाणसांत तशी खूणच नाही. राक्षसाच्या रूपकाने जात समजावू गेल्यास नसलेली खूण असल्याचे आपण नकळत मान्य करतो.

मिरोकू हा भिक्षू आपल्या वाचकांना खटकेल. मैत्रेयाचे नाव, अंगावर चीवर, हातात दंड, आणि भेटेल त्या तरुणीला ‘माझ्या मुलाची आई होशील का’ हा प्रश्न! मला मात्र विनयपिटकातील सुदिन्न आठवला. वंश बुडेल म्हणून आईने त्याच्याकडे बीज मागितले, आणि त्याच प्रसंगातून पहिली पाराजिका आली. मिरोकूलाही वंशाचीच चिंता आहे. नाराकूने त्याच्या आजोबांच्या तळहातावर सारे गिळणारे विवर पाडले. ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहे आणि एक दिवस ते त्यालाही गिळणार आहे. हे पूर्वकर्माचे फळ नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची. विवर पाडणारा जिवंत आहे, त्याला नाव आहे, आणि तो मेला की विवर बुजते. दुःख वारशाने आले तरी त्याला कर्ता आणि अंत दोन्ही आहेत. थट्टेच्या आड असलेला हा विचार मला मोलाचा वाटतो.

धोका आहे तो आत्म्याच्या कल्पनेत. कागोमे ही किक्योचा पुनर्जन्म आहे. अस्थी आणि थडग्याची माती यांतून किक्योचा देह पुन्हा घडविला जातो, तेव्हा कागोमेचा आत्मा ओढून त्यात घातला जातो. पुढे त्यातील बहुतांश परत येतो आणि एक अंश तेथेच राहतो. आत्मा येथे जवळपास द्रवपदार्थ झाला आहे, भांडे बदलावे आणि थोडा तळाशी उरावा असा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा हे प्रश्न मुद्दाम वेगळे केले, ते अशाच समजुतीला छेद देण्यासाठी. घटकांचा पुन्हा संयोग त्यांनी मानला. देहातून देहात जाणारा आत्मा नाकारला. नागसेनांनी मिलिंद राजाला दिलेला ज्योतीचा दृष्टांतही हेच सांगतो. रात्रभर जळणारी ज्योत तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही.

गंमत अशी की, कथा पुढे सरकते तसतशी ती आपल्याच गृहीताशी भांडू लागते. कागोमेला किक्योची छाया म्हणवून घेणे असह्य होते. तिचा मत्सर, तिचे रडणे, शाळेच्या परीक्षेची तिची चिंता, यांपैकी काहीही किक्योचे नाही. सर्वांना तिचे स्वतंत्र व्यक्तित्व मान्य करावे लागते. प्रेमकथा म्हणून ‘इनुयाशा’ जिंकते ती आत्म्याची एकता खोटी ठरते म्हणूनच. लेखिकेने तसे कोठे म्हटलेले नाही, एवढेच. शेवटी कागोमे रत्नाकडे स्वतःसाठी काही मागत नाही. रत्नच कायमचे नाहीसे व्हावे, एवढीच इच्छा ती करते. इनुयाशा अर्धा राक्षसच राहतो. विहीर तीन वर्षे बंद राहून पुन्हा उघडते, कागोमे त्याच्याकडे परतते, आणि त्या गावात त्याला कोणी शुद्ध व्हावयास सांगत नाही. जातकातील यक्षिणीला हद्द ओलांडता आली नव्हती.