संविधानाची चित्रित प्रत : एक पाठपरीक्षण

भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची प्रतिकृति संग्राहकांस मोलाची वाटते, आणि तें योग्यच आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनीं. सजावट नंदलाल बोस व त्यांचे शांतिनिकेतनांतील सहकारी यांची. संविधानसभेच्या सभासदांनीं २४ जानेवारी १९५० रोजीं सह्या केल्या, व पुढें डेहराडून येथें सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यांत एक हजार प्रतिकृति निघाल्या. पंधराव्या भागाच्या आरंभीं श्रीशिवछत्रपति व गुरु गोविंदसिंग यांचीं चित्रें आहेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. लेखन व चित्रण यांविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती ही प्रत वाचण्याच्या पद्धतीविषयीं.

जुनी पोथी हातीं आली असतां मूळचें किती व मागाहूनचें किती हें आपण प्रथम पाहतों, आणि मुळाजवळचा पाठ अधिक प्रमाण मानतों. हा संकेत येथें लावला कीं घोटाळा होतो. काव्याच्या पोथींत मागाहून घातलेली ओवी क्षेपक ठरते. संविधानांत विधिपूर्वक घातलेला शब्द अंमलांत आला कीं प्रमाण होतो, व काढलेला शब्द निष्प्राण होतो. चित्रित प्रत २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेला पाठ देते. नागरिकाचा आजचा हक्क तिच्यावरून सांगतां येत नाहीं.

यास तीन स्थळें दाखवितों. पहिलें, भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांचें कलम १९(२). त्याच्या मूळ पाठांत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द नाहींत. म्हणूनच मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारनें घातलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालीं रद्द केली. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनें ते शब्द आले. त्यांच्यासोबतच निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे ही अटहि आली. सरकारास अधिकार मिळाला आणि त्याला लगामहि बसला. केवळ मूळ प्रत वाचणारास हीं दोन्हीं दिसत नाहींत.

दुसरें, मालमत्तेचा हक्क. चित्रित प्रतींत तो मूलभूत हक्कांत आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें तो तेथून काढून कलम ३००-क मध्यें ठेविला. हक्क उरला, पण मूलभूत राहिला नाहीं.

तिसरें, नागरिकांचीं कर्तव्यें. त्यांचा भागच या प्रतींत नाहीं. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें कलम ५१-क मध्यें दहा कर्तव्यें आलीं, आणि २००२ सालीं अकरावें, म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधि देण्याचें, आलें. त्याच दुरुस्तीनें शिक्षणाचा मूलभूत हक्कहि दिला. कर्तव्याच्या नांवानें हक्क मोडूं नये याचें उदाहरण केरळांतील आहे. राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहणारीं, परंतु धर्मश्रद्धेमुळें तें न गाणारीं तीन मुलें शाळेंतून काढलीं गेलीं. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना परत घेण्यास लावलें.

आतां रक्षणाविषयीं. पोथीच्या अखेरीस लेखक तेलापाण्यापासून तिला जपण्याची विनवणी वाचकास करतो. संविधानांत विनवणी नाहीं, उपाय आहे : कलम ३२ अन्वयें सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेणें हा स्वतःच मूलभूत हक्क आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं यासच संविधानाचा आत्मा व हृदय म्हटलें. तथापि हें रक्षणहि मूळ पाठांत पुरें नव्हतें. आणीबाणींत, १९७६ सालीं, स्थानबद्धांना न्यायालयाचें दार बंद असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें चारांविरुद्ध एक अशा मतांनीं दिला. विरुद्ध मत न्यायमूर्ति खन्ना यांचें होतें. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें कलम २० व २१ यांचें रक्षण आणीबाणींतहि तहकूब होणार नाहीं असें ठरविलें, आणि तो निर्णय २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें मोडीत काढला. सर्वांत भक्कम असें हें कवच चित्रित प्रतींत शोधून सांपडणार नाहीं.

यावरून मूळ प्रत केवळ शोभेची, असें आम्ही म्हणत नाहीं. संसदेला दुरुस्तीचा अधिकार असला तरी संविधानाची मूलभूत चौकट मोडतां येत नाहीं, असें केशवानंद भारती खटल्यांत १९७३ सालीं ठरलें. ती चौकट कोणती हें पाहावयास मूळ पाठ लागतोच. आमची सूचना इतकीच : जो संग्राहक ही प्रतिकृति मांडील त्यानें तिच्या तारखेचा उल्लेख करावा, व शेजारीं दुरुस्त्यांचा तक्ता ठेवावा. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणें हेंहि कलम ५१-क मधील एक कर्तव्य आहे. पण प्रत सांभाळली आणि पाठ चुकला, तर तें कर्तव्य अर्धेंच पार पडलें असें म्हणावें लागेल.