वेदेहिकेचा अडसर : ककचूपम सुत्ताचे एक वाचन

पालि वाङ्मयात क्रोधाविषयी जे काही सांगितले आहे, त्यात मज्झिमनिकायातील एकविसाव्या सुत्ताचे, म्हणजे ककचूपम सुत्ताचे, स्थान मोठे आहे. ककच म्हणजे करवत. दुमुठी करवतीने दरोडेखोर अंग कापीत असले, तरी ज्याचे मन दूषित होईल तो आपले शासन पाळणारा नव्हे, असे तथागत या सुत्ताच्या शेवटी भिक्खूंना बजावतात. ही उपमा इतकी प्रखर आहे की तिने सुत्ताला आपले नाव दिले आणि वाचकांचे सारे लक्षही आपल्याकडे ओढून घेतले. प्रवचनांतून करवतच सांगितली जाते. ऐकणारा आदराने मान डोलावतो आणि हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे मनाशी ठरवून घरी जातो. आमच्या मते या सुत्ताचे मर्म करवतीपेक्षा तिच्या कितीतरी आधी येणाऱ्या एका लहानशा घरगुती कथेत आहे. ती कथा वेदेहिका नावाच्या गृहिणीची आणि काली नावाच्या दासीची आहे.

या वाचनास निमित्त झाले ते इगतपुरीचे. कल्याणमित्र सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशातील आपले आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यना शिकून १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी उभी राहिली. पुढे १९८५ साली विपश्यना विशोधन विन्यास स्थापन झाला. छट्ठ संगायनाचे तिपिटक अट्ठकथा-टीकांसह देवनागरीत १४० खंडांत छापून वाचकांच्या हाती देण्याचे मोठे काम याच संस्थेने केले. म्हणजे इगतपुरीने आपल्याला दोन गोष्टी दिल्या, आसन आणि ग्रंथ. आसनावर बसून आलेले उपासक-उपासिका आज गावोगाव भेटतात. ग्रंथ उघडणारे त्या मानाने थोडे, असा आमचा अनुभव आहे. या दोहोंना समोरासमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

शिबिराची रीत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. दहा दिवस पंचशीलाचे पालन, आर्य मौन, पहाटे चार वाजता उठणे. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव, आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे शरीरावरील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण. चौथ्या दिवसानंतर तासभर न हलता बसण्याचे अधिष्ठान सुरू होते. गुडघा दुखतो, गालावर खाज सुटते आणि हात उठू पाहतो. साधक तो उठू देत नाही. वेदना आणि तृष्णा या पटिच्चसमुप्पादातील दोन कड्यांच्या मधली जागा त्याला येथे प्रत्यक्ष दिसते. क्रोधाचेही तसेच असते. राग आला की श्वास बदलतो, छाती तापते, जबडा आवळला जातो आणि त्यानंतर शब्द किंवा हात बाहेर पडतो. ही मधली जागा ओळखता येणे हे आवेगाला आवर घालण्याचे पहिले साधन आहे, यात आम्हांस शंका नाही. शंका आहे ती पुढच्या प्रश्नाविषयी : हे साधन हाती आले, याची परीक्षा कोणती?

सुत्ताचा प्रसंग असा. मोळियफग्गुन नावाचा भिक्खू भिक्खुणींच्या सहवासात प्रमाणाबाहेर राही. त्यांच्याविषयी कोणी वावगे बोलले की तो चिडे आणि संघात कलह उभा करी. तथागत त्याला बोलावून समजावतात आणि मग सर्व भिक्खूंना वेदेहिकेची कथा सांगतात. सावत्थीत वेदेहिका नावाची गृहिणी होती. ती सौम्य आहे, नम्र आहे, शांत आहे, अशी तिची सर्वत्र कीर्ती. तिची दासी काली कामात तत्पर आणि नीटनेटकी होती. एकदा कालीच्या मनात आले, की आपल्या धनिणीच्या ठायी राग मुळीच नाही, की राग असूनही आपले काम चोख असल्यामुळे तो प्रकट होत नाही? तिने परीक्षा घेण्याचे ठरवले आणि ती उशिरा उठली. पहिल्या दिवशी वेदेहिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी काली आणखी उशिरा उठली, तेव्हा वेदेहिकेच्या तोंडून कठोर शब्द निघाले. तिसऱ्या दिवशी ती त्याहून उशिरा उठली. वेदेहिकेने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्ताळलेल्या डोक्याने काली बाहेर आली आणि तिने शेजाऱ्यांना आपल्या सौम्य धनिणीची करणी दाखवली. वेदेहिकेची कीर्ती तेथे संपली.

या कथेची बांधणी फार विचारपूर्वक केलेली आहे. क्रोध एकदम हातात येत नाही. तो पहिल्या दिवशी चेहऱ्यावर असतो, दुसऱ्या दिवशी वाणीत आणि तिसऱ्या दिवशी हातात. वेदेहिकेला तीन दिवस मिळाले होते. अडसर उचलताना तिला थांबणे कठीण होते, हे खरे. परंतु कपाळाला आठी पडली तेव्हा थांबणे तितके कठीण नव्हते. आवेगी वर्तनाविषयी आपण बोलतो तेव्हा ‘क्षणात घडले, कळलेच नाही’ असे म्हणण्याची आपली सवय आहे. या कथेतील क्षणाला मात्र तीन दिवसांचा इतिहास आहे. धम्मगिरीत शिकवले जाणारे संवेदनांचे निरीक्षण या पहिल्या दिवशीच्या आठीसाठी आहे, असे आम्ही म्हणू. येथवर आसन आणि ग्रंथ एकमेकांस पूरक आहेत.

परंतु सुत्त येथे थांबत नाही. अप्रिय शब्द कानी पडत नाहीत तोवर एखादा भिक्खू अत्यंत सौम्य असतो, आणि तसे शब्द कानी पडले म्हणजेच त्याची सौम्यता ओळखावी, असा या कथेचा निष्कर्ष आहे. चीवर, भिक्षा, निवास आणि औषध मिळावे म्हणून जो आज्ञाधारक राहतो, त्यालाही तथागत खरा आज्ञाधारक मानीत नाहीत. हा निकष शिबिराला लावून पाहावा. तेथे कोणी बोलत नाही, कोणी उशीर केला म्हणून आपले काम अडत नाही, जेवण वेळेवर समोर येते. म्हणजे तेथे प्रत्येक साधकाची काली तत्पर असते. त्या दहा दिवसांत लाभणारी शांती खोटी नाही, पण ती अद्याप पारखलेली नाही. शिबिरावरील कित्येक अनुभवकथनांत हा भेद सुटलेला दिसतो. दहाव्या दिवशीची मैत्री भावना हा त्यांत शेवट असतो. सुत्ताच्या दृष्टीने परीक्षा अकराव्या दिवशी सुरू होते.

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. इगतपुरीहून परतल्यानंतर पाचव्याच दिवशी आमच्या घरी धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंना उशीर झाला. आम्ही अडसर उचलला नाही. जे बोललो ते मात्र दुसऱ्या दिवशीच्या वेदेहिकेहून सौम्य नव्हते. कार्यालयातील वरिष्ठाने त्याच सकाळी दूरध्वनीवरून आम्हांस त्याहून कठोर शब्द ऐकवले होते आणि ते आम्ही कमालीच्या शांतपणे ऐकून घेतले होते. त्या शांतपणाला आम्ही साधनेचे फळ समजलो होतो. रात्री हे सुत्त उघडले तेव्हा आपला समज चुकल्याचे कळले. ज्याच्यावर रागावणे परवडत नाही त्याच्यापुढे राखलेला संयम हा पुष्कळदा केवळ हिशेब असतो. ज्याच्यावर रागावले तरी आपले काही बिघडत नाही त्याच्यापुढे राखलेला संयमच मोजण्याजोगा. म्हणूनच तथागतांनी परीक्षा घेणाऱ्याच्या जागी राजा किंवा श्रेष्ठी न ठेवता दासी ठेवली असावी, असे आम्हांस वाटते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्रोध आवरण्याचा उपदेश बहुधा दुर्बलालाच केला जातो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, त्यांना करवतीची उपमा ऐकवणे म्हणजे आणखी सोसा असे सांगणे नव्हे काय? सुत्तातील पात्रांकडे नीट पाहिले तर उत्तराचा काही भाग मिळतो. करवतीचा उपदेश स्वेच्छेने गृहत्याग केलेल्या भिक्खूंना आहे, तो कालीला केलेला नाही. दोष दाखवला आहे तो धनिणीचा. कालीने उलट प्रहार केला नाही, पण ती गप्पही बसली नाही. तिने घडले ते चारचौघांत सांगितले आणि सुत्तात तिला त्याबद्दल एका शब्दानेही दूषण दिलेले नाही. उत्तराचा उरलेला भाग मात्र सुत्तात नाही, हेही नमूद केले पाहिजे. कालीच्या जखमेचे पुढे काय झाले आणि तिचे दास्य सुटले काय, हे न सांगताच सुत्त पुढच्या उपदेशाकडे वळते. ही उणीव वाचकाने आपल्या विवेकाने भरून काढावयाची आहे.

ती भरून काढण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. इगतपुरी ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे धुरीण होते. मंदिराची दारे बंद करण्यात आली. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तरीही तो लढा पुढे काही वर्षे चालू राहिला. ते सत्याग्रही अद्याप बौद्ध नव्हते. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. परंतु क्रोध आवरणे आणि अन्याय मुकाट्याने सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दगड अंगावर घेऊन दाखवले. हात आवरला, मागणी आवरली नाही. कालीने शेजाऱ्यांपुढे जे केले, त्याचे हे संघटित रूप होते. क्रोधसंयमाचा जो अर्थ या दोहोंतील भेद पुसून टाकील, तो आपण स्वीकारू नये.

बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गाच्या नवव्या परिच्छेदात मनातील वैर शमवण्याचे उपाय क्रमाने दिले आहेत. करवतीच्या उपदेशाचे स्मरण हा त्यांतील आरंभीचा एक उपाय आहे. त्याने भागले नाही तर त्या व्यक्तीचा एखादा तरी चांगला गुण आठवावा. मग आपल्या रागाने आपलेच काय बिघडते ते पाहावे. मग आपण नेमके कोणावर रागावलो, केसांवर की नखांवर, असे देहाचे पृथक्करण करावे. एवढ्यानेही मन निवळले नाही तर अखेरचा उपाय दानाचा : त्या व्यक्तीला आपली वस्तू द्यावी आणि तिची वस्तू आपण घ्यावी. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मनात सुरू झालेला उपाय शेवटी दोन माणसांमधील देवाणघेवाणीत संपतो. एकट्याने आसनावर बसून क्रोधाचे मूळ दिसू शकते. नाते दुरुस्त करण्यास मात्र उठून समोरच्या माणसाकडे जावे लागते. आचार्यांना हे ठाऊक होते.

इगतपुरी घाटमाथ्यावर आहे. तेथून कसाऱ्याकडे थळ घाटाचा उतार सदतिसास एक असा तीव्र असल्याने, गाडी खाली सोडण्यापूर्वी तेथे तिचे ब्रेक तपासण्याची रीत आहे. उभ्या गाडीचे ब्रेक तपासणे आवश्यकच असते, पण त्यांचे खरे काम उतारावर. धम्मपदाच्या कोधवग्गातही चढलेला क्रोध आवरणाऱ्याला खरा सारथी म्हटले आहे, आणि तो भरधाव रथाचा सारथी आहे. शिबिराविषयी आमचे म्हणणे एवढेच. तेथे जावे, पुन्हा जावे. परतल्यावर मात्र घरातील काली कोण, हे ज्याचे त्याने ओळखावे. ती कामाची बाई असेल, सून असेल, हाताखालचा शिपाई असेल, शाळकरी मूल असेल. आपण किती शांत झालो, हे तिला विचारावे, आणि ती खरे सांगू शकेल इतकी निर्भयता तिला आधी द्यावी.