बाईंची साक्ष

श्लील-अश्लीलाचा वाद आपल्याकडे जुनाच आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' कोर्टात गेल्या. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातली काकोडकरांची 'श्यामा' १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरली. या वादांतला मुख्य प्रश्न एकच: वाचकाचे मन बिघडेल काय? कल्पित कथेला तो प्रश्न पुरत असेलही. पण कॅमेऱ्यापुढचा देह कल्पित नसतो, आणि म्हणूनच लिंडा बोरमन यांचे 'ऑर्डील' (१९८०) हे आत्मकथन वाचले पाहिजे.

'लिंडा लव्हलेस' या नावाने त्या 'डीप थ्रोट' (१९७२) या चित्रपटात झळकल्या. नायिका स्वतःच्या सुखाच्या शोधात निघाली आहे, असा त्या कथेचा आव. त्याच नावावर निघालेल्या एका पुस्तकातही आनंदाचाच कबुलीजबाब होता. त्या पुस्तकावर १९७६ साली लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. न्याय झाला खरा. पण त्या पुस्तकात बोलणारी बाई खरोखर कोण, हा न्यायालयापुढचा मुद्दाच नव्हता.

'ऑर्डील'मध्ये बाई सांगतात की, पती चक ट्रेनर यांनी मारहाण करून, पिस्तुलाचा धाक घालून आपल्याकडून हे करवून घेतले. अंगावरचे वळ चित्रपटातही दिसतात. ट्रेनर यांनी सक्तीचा आरोप नाकारला. पत्रकार माइक मॅकग्रेडी यांच्या साहाय्याने लिहिलेले हे पुस्तक वाङ्मय म्हणून सामान्य आहे. निवेदन सपाट, प्रसंगांची पुनरुक्ती फार. परंतु हा सपाटपणाच वाचकाला चाळवू देत नाही. ज्या दृश्याला प्रेक्षक हसले, त्याच दृश्याची मागची बाजू आपण पाहतो, आणि पाहणारा म्हणून आपणही त्यात ओढले जातो.

मात्र यावरून सरसकट बंदीची मागणी करणे घाईचे होईल. एलन विलिस यांच्यासारख्या स्त्रीवादी लेखिकेने १९७९ मध्येच बजावले होते की, स्त्रीलाही वासना असते, आणि सोवळेपणाचा कायदा शेवटी तिचेच तोंड बांधतो. हे म्हणणे खोडता येत नाही. एकीची यातना खरी म्हणून दुसरीची इच्छा खोटी ठरत नाही.

तेव्हा कसोटी बदलली पाहिजे. 'हे सभ्य आहे काय?' याआधी 'यात तिची राजीखुशी होती काय?' हे विचारावे. आणि तिचे उत्तर तिच्या हसऱ्या चित्रावरून ठरवू नये.