अक्षराचे रूप आणि भाषेचा अधिकार : ईमॅक्सच्या मूळ संहितेतील एका प्रकरणाचे परीक्षण

संगणकावर मजकूर लिहिण्याची व सुधारण्याची जी साधने आहेत, त्यांच्या अनेक आज्ञांमध्ये स्मॉल अक्षरांची कॅपिटल अक्षरे करणे किंवा कॅपिटलची स्मॉल करणे ही आज्ञा सर्वांत किरकोळ समजली जाते. आज्ञावलीलेखनाच्या प्राथमिक पुस्तकांतून ती नवशिक्यास सरावासाठी दिली जाते आणि चार ओळींत सुटतेही. तथापि अनेक भाषांतील मजकूर हाताळणाऱ्या एखाद्या प्रौढ एडिटरची मूळ संहिता वाचू गेल्यास याच आज्ञेभोवती अपवादांची, टिपांची आणि तडजोडींची दाटी झालेली दिसते. ही दाटी कशामुळे झाली, आणि तिच्यामुळे मूळ प्रश्न सुटला की केवळ झाकला गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात ईमॅक्स या एडिटरच्या आधारे करावयाचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसृत केलेला ग्नू ईमॅक्स आजही वापरात व विकासात आहे. त्याची संहिता सर्वांस खुली असल्याने परीक्षणास तो विशेष सोयीचाही आहे.

प्रश्नाचे मूळ मुद्रणालयात आहे. युरोपातील खिळेजुळाऱ्याच्या पुढ्यात खिळ्यांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत कॅपिटल आणि खालच्या पेटीत स्मॉल खिळे ठेवीत. इंग्रजीतील 'अपर केस' व 'लोअर केस' ही नावे त्या पेट्यांवरून पडली. एकच अक्षर दोन पेट्यांत दोन रूपांनी पडलेले असते, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली आणि संगणकाने ती जशीच्या तशी उचलली. आस्की या अमेरिकन संकेतमालेच्या १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरांना स्थानच नव्हते. १९६७ च्या आवृत्तीत ती आली, आणि मोठ्या कौशल्याने बसविली गेली. कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५, तर स्मॉल 'ए'चा ९७. प्रत्येक जोडीतील अंतर नेमके ३२. द्विमान पद्धतीत हा एका अंकाचा फरक होय. तेवढा एक अंक उलटविला की अक्षराचे रूप पालटते. रूपांतर म्हणजे गणित, असा जो समज आज्ञावलीकारांच्या मनात दृढ झाला, त्याचा उगम या सुबक योजनेत आहे.

हा समज पूर्णपणे स्वीकारणे ईमॅक्सने टाळले, हा त्याचा पहिला गुण. त्याच्या संहितेत 'केसफिडल' नावाची, सी भाषेत लिहिलेली एक फाईल आहे. शब्द कॅपिटल करणे, स्मॉल करणे, प्रत्येक शब्दाचे केवळ आद्याक्षर कॅपिटल करणे, ही सर्व कामे तीमधून चालतात. परंतु कोणत्या अक्षराची जोडी कोणती, हे त्या फाईलमध्ये लिहिलेले नाही. ती माहिती 'केस टेबल' नावाच्या स्वतंत्र कोष्टकात असते, आणि प्रत्येक बफरला, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक मजकुराला, आपले कोष्टक असू शकते. या कोष्टकाचे चार भाग आहेत. पहिला स्मॉल रूप सांगतो व दुसरा कॅपिटल. तिसरा परस्परसंबद्ध रूपांपैकी एकास प्रमाण ठरवितो. चौथा त्या गटातील एका रूपावरून पुढच्या रूपाकडे नेतो. शेवटचे दोन भाग लिपिभेद न मानता शोध घेण्यासाठी उपयोगी पडतात. नियम संहितेबाहेर काढून कोष्टकात ठेवणे म्हणजे ते भाषेनुसार बदलू शकतात हे मान्य करणे होय. रचनेच्या दृष्टीने हा विचार निश्चितच प्रगल्भ आहे.

मात्र कोष्टकाची एक अंगभूत मर्यादा आहे. एका वर्णासमोर एकच वर्ण लिहिता येतो. जर्मन भाषेतील 'एस्त्सेट' हे अक्षर या मर्यादेची कसोटी पाहते. परंपरेने त्यास कॅपिटल रूप नाही. सारा शब्द कॅपिटलमध्ये लिहावयाचा झाल्यास त्याच्या जागी दोन 'एस' येतात, म्हणजे शब्दाची लांबी एका अक्षराने वाढते. युनिकोडमध्ये २००८ साली या अक्षराचे कॅपिटल रूप दाखल झाले आणि जर्मन शुद्धलेखन परिषदेने २०१७ साली त्यास पर्याय म्हणून मान्यता दिली. तरीही युनिकोडचा मूलभूत नियम दोन 'एस'चाच राहिला आहे. ग्रीक भाषेची अडचण निराळी आहे. तीत कॅपिटल सिग्मा एकच, परंतु स्मॉल सिग्मा दोन. एक शब्दाच्या पोटात येणारा व दुसरा शब्दान्ती येणारा. येथे अक्षराचे रूप त्या अक्षरावरून ठरतच नाही. त्याच्यापुढे शब्द संपतो की नाही, यावर ते ठरते. क्रोएशियन भाषेतील 'ज'च्या उच्चाराचे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकच वर्ण म्हणूनही नोंदलेले आहे. त्यास दोन नव्हे, तीन रूपे आहेत : दोन्ही घटक स्मॉल, दोन्ही कॅपिटल, आणि केवळ पहिला कॅपिटल. भारतीय 'जंगल' शब्दापासून युरोपभर पसरलेला शब्द क्रोएशियनमध्ये 'जुंग्ला' होतो. वाक्यारंभी तो लिहिताना हे तिसरे रूपच योग्य ठरते.

२०१८ सालच्या २६.१ या आवृत्तीपर्यंत ईमॅक्स या तिन्ही ठिकाणी चुकत असे. त्या आवृत्तीत 'केसफिडल'ची पुनर्रचना झाली. एका वर्णातून अनेक वर्ण निघू शकतात, शब्दान्तीचा सिग्मा ओळखला जातो, आणि 'जुंग्ला'चे आद्याक्षर यथायोग्य होते. ही सुधारणा वरवर पाहता लहान वाटेल. परंतु तिने संहितेचा पाया हलविला. पूर्वी रूपांतरानंतर वर्णांची संख्या तीच राहील असे गृहीत होते. आता ती वाढू शकते. त्यामुळे निवडलेल्या भागाचा शेवट कोठे सरकला याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि पूर्वस्थितीला परतण्याच्या नोंदीत मूळ मजकूर हटवून नवा घातल्याची नोंद करावी लागते. गणिताचा आभास येथे संपला, असे म्हणण्यास हरकत नाही.

असे असूनही जुना समज एका कोपऱ्यात शिल्लक राहिला आहे. ईमॅक्सची 'अपकेस' ही क्रिया एकटा वर्णही स्वीकारते आणि वर्णांची मालिकाही. मात्र उत्तर त्याच जातीचे असले पाहिजे असा तिचा दंडक आहे. परिणामी एस्त्सेट मालिकेत आला तर त्याचे दोन 'एस' होतात, आणि एकटा वर्ण म्हणून दिला तर तो जसाच्या तसा परत येतो. क्रियेच्या वर्णनात हे प्रामाणिकपणे सांगितलेले आहे, आणि जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत हा त्यामागील हेतूही समजण्याजोगा आहे. परंतु एकाच नावाच्या क्रियेने एकाच अक्षराची दोन उत्तरे द्यावीत, हा दोष राहतोच. विम या दुसऱ्या विख्यात एडिटरने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. त्याच्या संहितेत दीर्घकाळ एस्त्सेटसाठी एक स्वतंत्र अट होती. ते अक्षर पुसावे व दोन 'एस' घालावेत, एवढेच ती सांगे. एका भाषेची अडचण एका अटीने भागते. पण अशा अटी वाढवीत गेल्याने भाषेविषयीची दृष्टी बदलत नाही.

ईमॅक्सच्या योजनेवरील मुख्य आक्षेप तुर्की भाषेच्या संदर्भात पुढे येतो. १९२८ साली तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारली, तेव्हा 'आय' हे अक्षर दोन स्वतंत्र स्वरांसाठी योजले गेले. एक टिंबासह, दुसरे टिंबाविना. आणि हा भेद कॅपिटलमध्येही पाळला जातो. म्हणून तुर्की लेखनात टिंब असलेल्या स्मॉल 'आय'चे कॅपिटल रूप टिंबासहच होते, तर इंग्रजीत तेच टिंब गळून पडते. दोन्ही भाषांत ते स्मॉल अक्षर एकच आहे, संकेतमालेतील क्रमांकही एकच आहे; उत्तरे मात्र दोन आहेत. ईमॅक्समध्ये तुर्की भाषापरिवेश निवडला असता कोष्टकातील ही जोडी बदलली जाते. परंतु कोष्टक लागू होते ते संपूर्ण बफरला. एखाद्या तुर्की आज्ञावलीकाराच्या फाईलमध्ये टिपा तुर्की असतात आणि सांकेतिक शब्द इंग्रजी असतात. नियम तुर्की ठेवला तर सांकेतिक शब्दावर टिंब चढते आणि तो शब्द संगणकास अपरिचित होतो. नियम इंग्रजी ठेवला तर टिपेतील शब्दाचा स्वर बदलतो. कोष्टक कोणतेही असो, फाईलच्या एका भागावर अन्याय होतोच.

येथे विचारातील उणीव स्पष्ट होते. भाषा ही वर्णाची मालमत्ता नव्हे, हे ईमॅक्सने ओळखले. पण तिची मालकी त्याने बफरकडे दिली. वास्तविक भाषा ही मजकुराच्या त्या त्या अंशाची असते. मजकुराच्या कोणत्याही तुकड्यास गुणधर्म जोडण्याची सोय ईमॅक्समध्ये पूर्वीपासून आहे. रंग, टंक, वाचनापुरतेपणा असे धर्म ती वाहते. त्याच सोयीने भाषेची नोंद केली जावी आणि रूपांतर करणाऱ्या क्रियेने कोष्टकापूर्वी ती पाहावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. एडिटर हे मुख्यतः आज्ञावलीकारांचे साधन असून त्यांस इंग्रजी पुरते, असा प्रतिवाद केला जाईल. पण वरील उदाहरण आज्ञावलीकाराचेच आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

याच संहितेत अधिक समंजस विचाराचाही पुरावा सापडतो. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालण्याची जी क्रिया आहे, ती जुन्या शब्दाचे रूप पाहून नव्या शब्दास रूप देते. जुना मजकूर सर्व कॅपिटलमध्ये असेल आणि त्यात एकाहून अधिक अक्षरांचा किमान एक शब्द असेल, तरच नवा मजकूर सर्व कॅपिटल केला जातो. एरवी, जुन्यातील सर्व शब्द कॅपिटलने सुरू होत असतील तर नव्यातीलही तसे केले जातात. 'किमान एक शब्द' ही अट मार्मिक आहे. एकाक्षरी शब्द कॅपिटल दिसला, तरी तो आद्याक्षर म्हणून कॅपिटल आहे की सारा मजकूर कॅपिटल असल्यामुळे, हे त्या एका अक्षरावरून कळणे शक्य नाही. हे अज्ञान मान्य करून संहिता सावध पर्याय निवडते. त्याच सावधगिरीने निवडलेला संपूर्ण भाग कॅपिटल किंवा स्मॉल करणाऱ्या दोन आज्ञा मुळात निष्क्रिय ठेवलेल्या आहेत. त्या प्रथम वापरताना ईमॅक्स वापरणाऱ्याची संमती विचारतो. याचे समर्थन करता येते, कारण रूपांतर उलट करता येत नाही. 'पीएच. डी.' ही पदवी रोमन लिपीत लिहून सर्व कॅपिटल केली आणि पुन्हा सर्व स्मॉल केली, तर मधल्या 'एच'ने राखलेला भेद कायमचा नष्ट होतो. जर्मनमध्ये 'प्रमाणात' व 'मोठ्या संख्येने' हे परस्परविरुद्ध अर्थ सांगणारे दोन शब्दप्रयोग केवळ एस्त्सेट व दोन 'एस' यांच्या भेदावर उभे आहेत. परंपरागत कॅपिटल लेखनात ते एकरूप होतात.

देवनागरीत हा भेद मुळातच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना कॅपिटल-स्मॉल अशी जोडरूपे नाहीत आणि ईमॅक्स त्यांना स्पर्श करीत नाही. म्हणून मराठी वाचकास हा सारा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या आधाराने लिहिला जातो तेथे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. आयट्रान्स या लेखनपद्धतीत स्मॉल 'टी' म्हणजे 'त' आणि कॅपिटल 'टी' म्हणजे 'ट'. 'न' व 'ण', 'ल' व 'ळ' यांचा भेदही असाच दर्शविला जातो. अशा मजकुरावर स्मॉल करण्याची आज्ञा चालविल्यास 'पाट'चा 'पात' होतो, 'मण'चा 'मन' होतो आणि 'माळ'चा 'माल' होतो. शब्द शुद्धच राहतात, म्हणून चूक डोळ्यांस दिसतही नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक देवनागरी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तेथे ही आज्ञा मजकूर वाचण्यापलीकडे नेऊन ठेवी. या दोन्ही ठिकाणी कॅपिटल आणि स्मॉल ही एका अक्षराची दोन रूपे नसून दोन भिन्न अक्षरे आहेत, आणि ते सांगणारे कोणतेही चिन्ह संकेतक्रमांकात नाही.

तात्पर्य, लिपिरूप बदलणे ही क्रिया अक्षरावर घडत असली तरी तिचा निर्णय भाषेच्या अधिकारातील आहे. ईमॅक्सच्या संहितेचे मोल हे की तिने हा निर्णय गणिताकडून काढून कोष्टकाकडे आणि २०१८ नंतर काही अंशी शब्दाच्या संदर्भाकडे नेला. उणीव ही की मजकुराच्या अंशाअंशाच्या भाषेपर्यंत ती अद्याप पोहोचली नाही. भाषाभ्यासकांनी अशा संहितांकडे परक्या शास्त्राचा विषय म्हणून पाहणे सोडावे, एवढा बोध यातून निश्चित घेता येतो. व्याकरणाचे नियम आता तेथेही लिहिले जात आहेत, आणि ते चुकले असता त्यांचा परिणाम लेखकाच्या नकळत त्याच्या मजकुरावर होत आहे.