खरखरीतून उमटलेलं आभाळ

सोफी डायर आणि साशा एंगेलमन यांच्या 'ओपन-वेदर' प्रकल्पातली चित्रं पहिल्यांदा पाहिली की बिघडलेल्या फॅक्सची आठवण येते. ढगांवर आडवे पट्टे, कडांना नुसती मुंग्यांची रांग. नोआ-१५, १८ आणि १९ हे अमेरिकी हवामान-उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, सेकंदाला दोन ओळी या वेगानं खालचं दृश्य पाठवत असत. तंत्र १९६०च्या दशकातलं, सिग्नल कुणालाही खुला. दोन दांड्यांचा अँटेना, यूएसबीला लावायचा स्वस्त रेडिओ आणि लॅपटॉप एवढ्यावर काम भागे. या दोघींनी ते लोकांना शिकवलं आणि चित्रासोबत ते घेणाऱ्याचं टिपणही जपलं.

२०२१मध्ये, ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या वेळी, त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांनी घेतलेली अशी चित्रं एकत्र आणली. १९७२च्या अपोलो-१७मधून टिपलेल्या निळ्या, गुळगुळीत पृथ्वीला दिलेलं हे उत्तर आहे, आणि मला ते पटतं. त्या छायाचित्रात पाहणारा कुठे उभा आहे ते कळत नाही. इथे कळतं.

किती कळतं, ते साताऱ्यात गच्चीवर अँटेना धरल्यावर लक्षात आलं. घड्याळासारखी टिकटिक सुरू होते, हिमालय उतरतो, दख्खन येतं, आणि श्रीलंका मागे पडल्यावर काही वेळात खरखर चित्र गिळू लागते. दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा आहे. सांगलीत, सपाट काळ्या रानात, तोच उपग्रह आणखी खालपर्यंत ऐकू येतो. म्हणजे चित्राच्या तळाशी जो गोंधळ आहे तो किल्ल्याचा डोंगर आहे. ही या कलेची खरी ताकद.

मात्र खरखरीचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा असं मला वाटतं. आमच्याकडे मिरजेत तंबोरा करणारे घोडीची जवारी लावतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तेव्हा स्वराला जी झणकार येते ती कारागिराच्या कानानं आणलेली असते. उपग्रहाच्या चित्रातली खरखर आपसूक पडते. नोआ-१५ दोन वर्षांसाठी म्हणून १९९८मध्ये सोडला होता. अखेरच्या वर्षांत त्याच्या स्कॅनरची मोटर अडखळायची आणि चित्रभर पट्टे यायचे. ते पट्टे सुंदर दिसतात, पण ते म्हाताऱ्या यंत्राचं दुखणं आहे. त्याला शैली म्हणायचं तर त्यात कलावंताची निवड कुठे होती ते दाखवावं लागेल. माझ्या मते ती टिपणात आहे.

आणि टिपणापाशीच माझी तक्रार सुरू होते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हाचं उपग्रहचित्र म्हणजे सह्याद्रीवर पांढरा गोळा. एका ठिपक्यात सुमारे चार किलोमीटर मावतात. त्यात नदी नाही, गावभाग नाही, ब्रह्मनाळची नाव नाही. ढग सगळ्यांत दाट असतात तेव्हाच खालचं काही दिसत नाही. 'आयर्विनला किती झालं? कोयनेतून किती सोडलंय? अलमट्टीचं काय?' हे तीन प्रश्न सांगलीकर रात्रभर एकमेकांना विचारतो, आणि हवामानाचं खरं टिपण तेच. प्रकल्पाची पद्धत अशा टिपणाला जागा देते. पण चित्राचं आकर्षण एवढं जबर की भिंतीवर ते लागतं आणि फूट मोजणारं वाक्य खाली बारीक अक्षरात जातं. मी असतो तर उलट केलं असतं. आधी पुलाचा आकडा, मग ढग.

आता करून पाहायलाही उशीर झालाय. २०२५च्या जूनमध्ये नोआ-१८ बंद केला, ऑगस्टमध्ये १९ आणि १५. घरच्या अँटेनावर अजून रशियाचे मेटिओर उपग्रह मिळतात. त्यांची चित्रं कितीतरी स्वच्छ, कारण सिग्नल डिजिटल आहे. पण तो क्षीण होत विरत नाही. उपग्रह अजिंक्यताऱ्यामागे उतरला की खरखर उमटतच नाही. ओळी काळ्या पडतात आणि चित्र तिथे तुटतं.